सत्त्याऐंशीव्या वर्षीचा सॅक्सोफोन: चार्ल्स लॉइड यांचा नवा अल्बम कसा ऐकावा

जॅझ ऐकायला सुरुवात करायची आहे, असं कुणाला सांगितलं की समोरचा जाणकार हटकून माइल्स डेव्हिसचा १९५९ सालचा ‘काइंड ऑफ ब्लू’ सुचवतो. अल्बम थोरच आहे, सल्लाही चुकीचा नाही. पण सवयीने दिलेला आहे. मी विचारणाऱ्याला वेगळं सांगतो: एखाद्या मुरलेल्या, वय झालेल्या वादकाचा ताजा अल्बम घ्या आणि तिथून मागे चालत जा.

कारण अगदी व्यवहारी आहे. तिशीतला सॅक्सोफोनवादक एका श्वासात इतके सूर वाजवतो की नवख्या कानाला नुसती धांदल ऐकू येते. ऐंशी ओलांडलेला माणूस तसं करत नाही. दमसास आता मोजून वापरावा लागतो, म्हणून तो निवडून वाजवतो. सूर कमी, मधे मोकळी जागा भरपूर आणि लय बहुतेकदा संथ. ऐकणाऱ्याला प्रत्येक सुराकडे पाहायला वेळ मिळतो. शिवाय असा माणूस आयुष्यभर ज्या चालींशी खेळला त्यांच्याकडे पुन्हा पुन्हा येतो, त्यामुळे एकच चाल तीस-चाळीस वर्षांच्या अंतराने त्याच हातांतून ऐकता येते. नवख्यासाठी याहून चांगली शाळा मला माहीत नाही.

उदाहरण म्हणून घेऊ चार्ल्स लॉइड यांचा ‘फिगर इन ब्लू’. ऑक्टोबर २०२५ मध्ये ब्लू नोट कंपनीने काढलेला हा दुहेरी अल्बम. टेनर सॅक्सोफोनवर लॉइड, वय तेव्हा ८७. पियानोवर जेसन मोरान, गिटारवर मार्विन स्यूएल. बस्स. ड्रम नाहीत, बासही नाही. आणि त्यातली एक रचना आपल्या माहीमच्या झाकीर हुसेन यांच्या नावे आहे, म्हणजे मराठी श्रोत्याला आत शिरायला दार उघडंच आहे.

माणूस कोण, हे थोडक्यात

ऐकण्याआधी चरित्र पाठ करायची गरज नसते. पण लॉइड यांच्याबाबतीत तीन-चार गोष्टी माहीत असल्या तर अल्बममधली नावं नुसती नावं राहत नाहीत.

जन्म १५ मार्च १९३८, अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातलं मेम्फिस. ब्लूजचं, म्हणजे काळ्या अमेरिकनांच्या लोकसंगीताचं गाव. पोरवयातच त्यांनी हाउलिन वुल्फ, बी. बी. किंग अशा ब्लूज गायकांच्या बँडमध्ये वाजवलं. त्या काळात दक्षिणेतली हॉटेलं काळ्या माणसांना खोली देत नसत, त्यामुळे गावात कार्यक्रमाला आलेले वादक कुणाच्या तरी घरी उतरत. लॉइड यांच्या आईचं घर मोठं होतं आणि ती खोल्या भाड्याने देई. जॅझचे थोर संगीतकार ड्यूक एलिंग्टन यांच्या वाद्यवृंदातली माणसं तिथे राहून गेली. या अल्बममध्ये एलिंग्टन इतके का भरून राहिलेत, ते इथे कळतं: लहानपणी ज्यांना घरात वावरताना पाहिलं, त्यांचं संगीत आहे ते.

१९६६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरी जॅझ महोत्सवात वाजवलेल्या ‘फॉरेस्ट फ्लॉवर’ने लॉइड एकदम प्रसिद्ध झाले. पियानोवर तेव्हा विशीतला कीथ जॅरेट होता, ड्रमवर जॅक डिजॉनेट. रॉक ऐकणारी तरुण पोरंही हा जॅझ विकत घेऊ लागली. आणि मग सगळं रंगात आलेलं असताना लॉइड उठून कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर बिग सर इथे जाऊन राहिले. ध्यान, वेदान्त, समुद्र. मंचावर फारसे नाहीत. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मिशेल पेत्रुचियानी नावाचा फ्रेंच पियानोवादक पोरगा तिथे पोचला, त्याच्यासाठी ते काही काळ बाहेर आले. पुढे मोठ्या आजारातून उठल्यावर १९८९ पासून जर्मनीच्या ईसीएम कंपनीसाठी एकामागून एक अल्बम करू लागले. म्हणजे या माणसाची खरी भरघोस कारकीर्द पन्नाशीनंतरची आहे. एवढं पुरे.

आधी यंत्राची व्यवस्था लावा

फोनच्या स्पीकरवर हा अल्बम ऐकू नका. टेनर सॅक्सोफोनचे खालचे सूर आणि पियानोचा डावा हात त्यातून अर्धेअधिक गळून जातात. फार महागाची साधनं लागत नाहीत, पण तारेचे साधे बरे हेडफोन किंवा घरातले दोन स्पीकर असावेत.

ॲपमध्ये दोन गोष्टी तपासा. रचना उलटसुलट वाजवणारं शफल बंद करा. आणि एक गाणं संपतासंपता दुसरं त्यात मिसळवणारं क्रॉसफेड कुठे चालू असेल तर तेही बंद करा, कारण या अल्बममध्ये शेवटचा सूर विरतो तो क्षणच खूपदा सगळ्यांत चांगला असतो. फुकटच्या खात्यावर मधेच साबणाची जाहिरात येत असेल तर महिनाभरासाठी पैसे भरा किंवा तबकडी असलेला मित्र गाठा.

अख्खा अल्बम एका बैठकीत उरकायचा नाही. दुहेरी तबकडीला चार बाजू असतात. एका वेळी एक बाजू, साधारण वीसेक मिनिटं. स्ट्रीमिंगवर ऐकत असाल तरी तीन-चार रचना झाल्या की थांबा. रात्री जेवणं आटोपल्यावरची वेळ या संगीताला मानवते. गाडी चालवताना नको. हळुवार जागा टायरच्या आवाजात बुडतात आणि तुम्ही म्हणाल, यात काही घडतच नाही.

ओळखीच्या चालीने सुरुवात

पहिल्याच रचनेचं नाव ‘अबाइड विथ मी’. ही चाल तुम्ही ऐकलेली असण्याची दाट शक्यता आहे. महात्मा गांधींचं हे आवडतं ख्रिस्ती स्तोत्र. दिल्लीत २९ जानेवारीला विजय चौकात बीटिंग रिट्रीट होतं, त्यात लष्करी बँड वर्षानुवर्षं ते वाजवत असत. २०२२ मध्ये ते वगळलं गेलं. दूरदर्शनवर तो सोहळा पाहिलेल्या पिढीला ही चाल नावासकट माहीत नसेल, पण कानात आहे.

आधी मूळ स्तोत्र कुठल्याही चर्चमधल्या समूहगानात एकदा ऐका. छोट्या चार ओळी आहेत. त्या गुणगुणता आल्या पाहिजेत; शब्द नाही आले तरी चालेल. मग लॉइड लावा.

आता काम एकच: चाल कुठे सरळ आहे आणि कुठे तिला हात लावलाय, तेवढं पाहायचं. कुठला सूर उशिरा आला? कुठे ओळीच्या शेवटी मूळ सुरावर न थांबता थोडं पुढे जाऊन मग वळण घेतलं? भावगीत मैफलीत गाताना गायक मूळ ध्वनिमुद्रिकेपासून थोडा सरकतो तेव्हा आपण लगेच मान हलवतो. तो कान तुमच्याकडे आहेच. जॅझमध्ये तो वापरायचा नाही असं कुणी सांगितलेलं नाही.

जाता जाता: जॅझ पियानोवादक थेलोनियस मंकने १९५७ मध्ये हेच स्तोत्र आपल्या अल्बमच्या तोंडाशी ठेवलं होतं. फक्त फुंकवाद्यं, मिनिटभराचंही नाही. चाल बांधणाऱ्या एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज संगीतकाराचं आडनावही मंकच. लॉइड मंकचे भक्त आहेत, तेव्हा अल्बमची सुरुवात या स्तोत्राने करताना त्यांना १९५७ आठवलं नसेल, हे मला पटत नाही.

आता फुंक ऐका

मराठी कानाला सॅक्सोफोन ओळखीचा आहे तो हिंदी सिनेमामुळे. मनोहारी सिंग यांच्या सॅक्सोफोनशिवाय राहुलदेव बर्मन यांची कितीतरी गाणी पुरी होत नाहीत. त्याआधी ताजमहाल हॉटेलच्या बँडपासून स्टुडिओतल्या वाद्यवृंदांपर्यंत गोव्याच्या वादकांनी मुंबईला हे वाद्य ऐकवलं होतं. पण सिनेमातला सॅक्सोफोन पुढे येऊन बोलतो: ठसठशीत सूर, शेवटी कंप, दोन कडव्यांच्या मधे नेमकी आठ-दहा सेकंदं. लॉइड यांचा सूर त्या अपेक्षेने ऐकाल तर तो कमजोर वाटेल. तो कमजोर नाही, हलका आहे, आणि तसा मुद्दाम ठेवलेला आहे.

टेनर सॅक्सोफोन पितळेचा असला तरी आवाज होतो तो तोंडाशी बांधलेल्या वेताच्या पातळ रीडने. ओठ घट्ट धरून जोरात फुंकलं की सूर कडक आणि चकचकीत येतो. ओठ सैल सोडून, हवा जास्त पण दाब कमी ठेवून फुंकलं की सुराबरोबर हवाही ऐकू येते. खालच्या पट्टीत हे विशेष जाणवतं. संथ रचनेतली एखादी लांब ओळ निवडा आणि हेडफोन लावून तिची सुरुवात व शेवट परत परत ऐका. आधी नुसती हवा येते, ‘ह’सारखी. मग त्यातून सूर उमलतो. शेवटाला उलट: सूर आधी जातो, हवा क्षणभर राहते. अगदी शांत जागी वाद्याच्या गाद्या भोकांवर टेकतानाचा टप-टप असा मऊ आवाजही पकडता येतो. हे ध्वनिमुद्रणातले दोष नव्हेत. साफ करता आले असते, ठेवलेत.

एकदा हे ऐकू यायला लागलं की वादकाचा श्वास मोजता येतो. ओळ कुठे संपणार, हे सुरांआधी दमावरून कळायला लागतं. किराण्याच्या गायकाचा लांबवलेला षड्ज ऐकताना आपण नकळत आपलाही श्वास धरतो, तसंच.

या हलक्या सुराची वंशावळ शोधायची असेल तर लेस्टर यंग ऐका. १९३० च्या दशकात बहुतेक टेनरवादक जाड, भरदार सूर काढत असताना हा माणूस तरंगत्या सुरात वाजवायचा. गायिका बिली हॉलिडे हिला ‘लेडी डे’ हे नाव त्यानेच दिलं. दोघंही १९५९ मध्येच काही महिन्यांच्या अंतराने गेले. या अल्बममध्ये ‘द घोस्ट ऑफ लेडी डे’ नावाची रचना आहे. ती लावण्याआधी यंग आणि हॉलिडे यांचं १९३७-३८ च्या आसपासचं कुठलंही एकत्र गाणं ऐका, तीन मिनिटांचंच असतं. ती गाते तेव्हा तो मागून तिच्या ओळींमधल्या मोकळ्या जागांत कसा वाजवतो, तेवढंच पाहा.

समेची वाट पाहू नका

आपल्या श्रोत्यांची गाडी अडते ती इथे. तबला नाही, ठेका नाही, सम कुठे आहे ते कळत नाही. पहिल्या पाच मिनिटांत अस्वस्थ वाटायला लागतं. त्यात या अल्बममध्ये ड्रमही नाहीत.

दोन गोष्टी समजून घ्या. एक, यातल्या बऱ्याच जागा ठरावीक लयीत बांधलेल्या नसतात. तिघं एकमेकांकडे कान देऊन पुढे सरकतात. तिथे आलाप ऐकतो तसं ऐकावं. दुसरं, आणि जास्त महत्त्वाचं: आपल्याकडे आवर्तन जे काम करतं, त्यातलं पुष्कळसं काम जॅझमध्ये कॉर्ड करतात. वेगवेगळे सूर एकत्र वाजवून केलेले गुच्छ ठरलेल्या क्रमाने बदलत जातात. तो क्रम एकदा पूर्ण झाला की पुन्हा पहिल्यापासून. वादक आधी मूळ चाल वाजवतो, मग त्याच कॉर्डच्या आराखड्यावर स्वतःचं रचत जातो, शेवटी चालीवर परततो. बहुतांश जॅझचा सांगाडा एवढाच आहे.

कॉर्ड म्हणजे काय हे वाचून कळत नाही. घरात हार्मोनियम किंवा मुलांचा कीबोर्ड असेल तर हे करा. मधला सा दाबून धरा आणि तोंडाने तोच सा लावा. त्याच्याबरोबर ग आणि प दाबा. सूर घरी पोचल्यासारखा वाटेल. आता ग आणि प सोडा, सा तसाच ठेवून खालचे म आणि ध दाबा. तुमचा सा बदललेला नाही, पण तो आता वेगळा वाटतो. जरा उघडा, पुढे काहीतरी यायचंय असा. आता म आणि शुद्ध ध सोडून खालचा कोमल ध आणि वरचा कोमल ग घ्या. तोच सा, पण खोलीतला उजेड बदलला.

हिंदुस्थानी संगीतात तंबोरा सा धरून ठेवतो आणि प्रत्येक सुराचं नातं त्या एका सा-शी असतं. इथे तुमचा सूर स्थिर राहिला तरी खालची जमीन सरकते. लॉइड एखादा सूर लांब धरतात तेव्हा वर काही घडत नाही असं वाटेल; त्या वेळी कान खाली न्या, मोरान काय बदलतोय ते पाहा. धरलेल्या एका सुराचा अर्थ दोन-तीनदा पालटून जातो. माझ्या मते हा अल्बम निम्मा तिथेच आहे.

म्हणून तिसऱ्या-चौथ्या ऐकण्यात सॅक्सोफोन सोडून द्या आणि पूर्ण रचना फक्त पियानोच्या मागे जा. जेसन मोरान २००७ च्या सुमारापासून लॉइड यांच्याबरोबर आहे. दोघांनी मिळून २०१३ मध्ये ‘हागार्स साँग’ हा फक्त लॉइड यांची फुंकवाद्यं आणि पियानो असलेला अल्बम केला होता. हागार म्हणजे लॉइड यांच्या खापरपणजीच्या पिढीतली पूर्वज. दहा वर्षांची असताना आईबापांपासून तोडून तिला विकलं गेलं होतं. इतकी वर्षं सोबत केलेला पियानोवादक कधी गप्प बसतो, हे ऐकण्यासारखं असतं. त्यानंतर एक फेरी गिटारच्या मागे.

आणि कृपा करून ‘हा कोणता राग?’ हा खेळ पहिल्या महिन्यात तरी खेळू नका. ब्लूजमधल्या काही ओळी धानीच्या सुरांत बसतात हे खरं, सा ग म प नी, गंधार-निषाद कोमल. पण ब्लूजचा गंधार कोमल आणि शुद्ध यांच्या मधे कुठेतरी हिंदकळत असतो, आणि खालचे कॉर्ड धानीला कधीच मान्य नसलेल्या जागी जातात. नाव सापडल्याच्या आनंदात पुढचं ऐकायचं राहून जातं.

जुन्या-नव्या जोड्या लावा

आता खरं काम. हे केलं नाही तरी अल्बम आवडू शकतो. केलं तर तो कळायला लागतो.

लॉइड जुन्या चाली परत घेतात. त्यामुळे एकच रचना दोन अल्बमांतून शेजारी शेजारी लावता येते. मी सुचवतो त्या चार जोड्या अशा.

पहिली, सोपी: ‘द घोस्ट ऑफ लेडी डे’. ती २०२४ च्या ‘द स्काय विल स्टिल बी देअर टुमॉरो’ या अल्बममध्येही आहे. त्यात पियानोवर मोरानच, पण बासवर लॅरी ग्रेनाडिअर आणि ड्रमवर ब्रायन ब्लेड. दोन्हींत जेमतेम दीड-दोन वर्षांचं अंतर. फरक वयाचा नाही, साथीचा. ब्लेड आणि ग्रेनाडिअर नसले की लॉइड यांच्या ओळी कुठे टेकतात, एवढंच पाहा.

दुसरी: ‘साँग माय लेडी सिंग्ज’. १९६५ चा ‘ऑफ कोर्स, ऑफ कोर्स’ काढा. लॉइड तेव्हा सत्तावीस वर्षांचे, गिटारवर हंगेरीहून आलेला गाबोर साबो, बासवर रॉन कार्टर, ड्रमवर टोनी विल्यम्स. साठ वर्षांनी तीच चाल, पुन्हा एका गिटारवाल्याबरोबर. तरुण लॉइड ऐकताना मला नेहमी वाटतं की त्याला बरंच काही लगेच सांगून टाकायचंय.

तिसरी जोडी म्हणजे अख्खा अल्बमच. २००० सालचा ‘द वॉटर इज वाइड’. शीर्षकरचना ‘फिगर इन ब्लू’, एलिंग्टन यांच्या ‘ब्लॅक बटरफ्लाय’ आणि ‘हेवन’, या तिन्ही तिथे आहेत. त्या अल्बमवर ड्रम वाजवणारा बिली हिगिन्स लॉइड यांचा जिवलग मित्र. तो मे २००१ मध्ये गेला. ‘हेवन’ मुळात एलिंग्टन यांच्या १९६८ च्या दुसऱ्या पवित्र संगीतसभेतलं गाणं, स्वीडनच्या ॲलिस बॅब्स यांनी गायलेलं. क्रम असा ठेवा: आधी बॅब्स, म्हणजे चाल पक्की होईल, मग २०००, मग २०२५.

आणि चौथी, ज्यासाठी मराठी श्रोत्याने एक संध्याकाळ राखून ठेवावी.

हिगिन्स गेल्यानंतर २००४ मध्ये सांता बार्बराच्या लोबेरो थिएटरात त्याच्या स्मरणार्थ मैफल झाली. लॉइड, ड्रमवर एरिक हार्लंड आणि तबल्यावर झाकीर हुसेन. वेगळा पियानोवादक नाही, बासही नाही. ती मैफल २००६ मध्ये ‘संगम’ नावाने निघाली. त्यात ‘हिम टू द मदर’ ही रचना आहे. पुढे २०२० मध्ये, करोनामुळे समोर श्रोते नसताना, लॉइड, झाकीर आणि गिटारवादक ज्युलियन लाज यांनी वाजवलेलं ‘सेक्रेड थ्रेड’ या नावाने २०२२ मध्ये आलं. त्यातल्या रचनांची नावंच पाहा: ‘सरस्वती’, ‘कुटी’, ‘नचिकेता’ज लॅमेंट’. झाकीर तिथे तबल्याबरोबर गातातही. १५ डिसेंबर २०२४ ला सॅन फ्रान्सिस्कोमध्ये ते गेले. आणि ‘फिगर इन ब्लू’मध्ये ती जुनी रचना परत आली, नाव जरा लांबलेलं: ‘हिम टू द मदर, फॉर झाकीर’.

आधी ‘संगम’मधली ऐका. एकदा फक्त तबला धरून: झाकीर ठेका देत बसत नाहीत, सॅक्सोफोनच्या ओळीच्या शेवटाला उत्तर देतात, डग्ग्यावरची घसीट सुराच्या उताराला जोडून नेतात. मग लगेच नवी लावा. तबला नाही. कान मात्र अजून ‘संगम’मध्येच असतो, त्यामुळे लॉइड ओळ संपवून थांबतात तिथे तुम्हाला उत्तर अपेक्षित असतं. त्या जागा मोरान आणि स्यूएल कशा हाताळतात, कुठे भरतात आणि कुठे तशाच सोडतात, ते ऐका. याबद्दल मी जास्त सांगत नाही. ‘सेक्रेड थ्रेड’ आणि नवा अल्बम दोन्हींत असलेली ‘डेसोलेशन साउंड’ हीदेखील अशीच जोडून ऐकता येते.

ब्लूज मोजायला शिका

हे पंधरा मिनिटांचं काम आहे आणि आयुष्यभर पुरतं.

साध्या ब्लूजचा एक फेरा बारा मापांचा, दर मापात चार मात्रा, एकूण ४८. कॉर्ड साधारण असे: पहिली चार मापं सा वर, दोन म वर, दोन परत सा वर, मग एक प वर, एक म वर आणि शेवटची दोन सा वर. गाणं असेल तर तीन ओळी असतात: पहिली ओळ, तीच पुन्हा, मग तिसरी जी आधीच्या दोन्हींना उत्तर देते.

सरावासाठी एलिंग्टन यांचं १९४२ चं ‘सी जॅम ब्लूज’ घ्या. त्याची चाल फक्त दोन सुरांची आहे, प आणि वरचा सा. त्यामुळे चालीत गुंतून मोजणं चुकत नाही. बोटांवर मापं मोजा, बारा झाली की नवा फेरा सुरू झालेला तुम्हाला आपोआप जाणवेल. चार-पाच फेऱ्यांनंतर मोजणं सुटतं आणि अंगात राहतं. सम सापडल्याचं समाधान हवंच असेल तर ते इथे आहे.

मग ‘ब्लूज फॉर लँग्स्टन’ आणि ‘शुलाहोमा’ ऐका. लँग्स्टन ह्यूज हे न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या काळ्या वस्तीतले कवी. ब्लूजच्या तीन ओळींचा घाट त्यांनी १९२० च्या दशकात कवितेत आणला. शुलाहोमा हे मिसिसिपीतलं एक खेडं. त्या टेकडीभागातला ब्लूज बारा मापांची शिस्त फारशी पाळत नाही, बराच वेळ एकाच कॉर्डवर घुमत राहतो. आपल्या कानाला तो लवकर मानवतो. मार्विन स्यूएल मूळचा शिकागोचा, अनेक वर्षं गायिका कसांड्रा विल्सन यांच्या साथीला होता. ब्लूजचे गिटारवाले करंगळीत काचेची किंवा धातूची नळी घालून तारेवरून सरकवतात, त्यातून निघते ती मींडच. वर ज्या हिंदकळत्या गंधाराबद्दल म्हटलं तो पट्ट्यांच्या पियानोवर वाजवताच येत नाही. गिटारवर आणि सॅक्सोफोनवर येतो. मोरान तिथे काय करतो, ते लक्ष देऊन ऐका. बहुधा कोमल आणि शुद्ध दोन्ही एकदम किंवा एकामागोमाग दाबून तो त्या जागेच्या आसपास पोचतो.

कंटाळा आला तर

येईल. तासाभराहून मोठा, बहुतांशी संथ अल्बम आहे. मलाही सगळाच सारखा आवडत नाही. दुहेरी अल्बमांत थोडी काटछाट केली असती तर बरं झालं असतं असं मला नेहमीच वाटतं, आणि हा अपवाद नाही. कंटाळलात तर मुकाट्याने उठा. आठवड्याने त्याच जागेपासून पुन्हा लावा, पहिल्यापासून नको. नाहीतर पहिल्या तीन रचना पाठ होतील आणि उरलेल्या कधीच ऐकल्या जाणार नाहीत. शेवटचं ‘समव्हेअर’ लिओनार्ड बर्नस्टाइन यांच्या ‘वेस्ट साइड स्टोरी’तलं आहे, मूळ गाणं माहीत असेल तर थेट त्यावर उडी मारली तरी बिघडत नाही.

समीक्षा ऐकण्याआधी वाचू नका. त्याऐवजी वहीत प्रत्येक रचनेपुढे एक ओळ लिहा: कुठल्या मिनिटाला कान टवकारले. कारण लिहायची गरज नाही, वेळ पुरे. नंतर त्याच वेळेवर परत जाऊन पाहिलं की बऱ्याचदा तिथे कॉर्ड पालटलेला असतो, किंवा कुणीतरी वाजवायचं थांबलेलं असतं.

इथून मागे जायचं असेल तर ‘फॉरेस्ट फ्लॉवर’. ते आत्ता ऐकाल तर तरुण लॉइड, जॅरेट आणि डिजॉनेट यांचा धबडगा अंगावर येणार नाही, कारण हा माणूस पुढे कुठे पोचला ते तुम्ही आधीच ऐकलंय. बाजूला जायचं असेल तर टेनरवादक सॉनी रोलिन्स. १९६० च्या दशकाच्या अखेरीस ते वाजवणं बाजूला ठेवून पवईला स्वामी चिन्मयानंदांच्या आश्रमात येऊन राहिले होते, आणि १९७८ च्या मुंबईतल्या पहिल्या ‘जॅझ यात्रा’ महोत्सवात वाजवायला परत आले. पण त्यांचा सूर लॉइड यांच्या अगदी उलट, रुंद आणि ठाम. तिथे जाताना कान पुन्हा नव्याने लावावा लागतो, तेव्हा निदान पंधरा दिवसांचं अंतर ठेवा.